भागू, तुझी लंगडी छापून आली

काल दुपारी डॉक्टर येऊन गेले. चिंचवड स्टेशनापासनं सायकल ढकलतच आले, पुढच्या चाकात हवा नव्हती. ओट्यावर बसले, तांब्याभर पाणी प्याले आणि पिशवीतनं एक पातळसं पुस्तक काढून माझ्या मांडीवर ठेवलं. सगळं इंग्रजी. मधलं पान उघडून म्हणाले, "आबा, ओळखा बघू."

ओळखायचं काय त्यात? तुझी लंगडी होती. डोक्यावर एक शिंग, कमरेला पट्टा, खाली दोन पाय. डावा लांब, उजवा आखूड. तू काढलीस तशीच्या तशी.

मी विचारलं, "पाय कुणी जोडला न्हाई ना?"

"नाही आबा."

"मग झालं तर."

एवढंच बोललो. डॉक्टर गेल्यावर मात्र ते पान उघडून बसलो तो सूनबाईनं दिवा लावीपर्यंत.

तुला जाऊन अजून महिना झाला नाही. माणसं येतात, "सोन्यासारखी बाई गेली" म्हणतात, चहा पितात, जातात. सोन्यासारखी कुठली? सोनं वाकतं. तू टाकी-छिन्नीच्या पोलादासारखी होतीस, आणि घाव सगळे माझ्या डोक्यावर. हे मी आल्यागेल्याला सांगतो तर लोक एकमेकांकडं बघतात. सूनबाई म्हणाली, "मामंजी, लोकांना सांगू नका, कागदावर लिवा." म्हणून बसलोय. मी तीन बुकं शिकलेला पाथरवट. दगडावर नावं कोरता येतात तेवढीच अक्षरं. वाचणाऱ्याला कळावं म्हणून पहिल्यापासनं सांगतो. तू ऐकत बस. चुकलं तर तिथनं ओरड, इथं ओरडायचीस तशी.

डॉक्टर आपल्या दारात पहिल्यांदा आले ते खल मागायला. दगड कुटायला दगडाचा खल पाहिजे, जाड बुडाचा. मी म्हणलं, दगड कशाला कुटायचा? तर म्हणाले, मी दगडांचा डॉक्टर आहे. तू आतनं पदर खोचत बाहेर आलीस आणि म्हणालीस, "दगडाचं डाक्टर हाय व्हय तुमी? मग आमच्या ह्यांचं डोकं बघा की एकदा." तो माणूस हसला नाही पहिल्यांदा. मग हसला तो ठसका लागेपर्यंत. तिथंच तुमचं जमलं. माझं जमायला वेळ लागला.

अंगणात तेव्हा तळेगावच्या गिऱ्हाइकाचं तुळशीवृंदावन पडलं होतं. त्यावर तू गेरूनं वेल काढून ठेवली होतीस, मी कोरायच्या आधी काढायचीस तशी. डॉक्टर खल विसरले, वेलीपुढं उकिडवे बसले. म्हणाले, "हे कुणी काढलं?" मी म्हणलं, हिनं. "काही मोजून?" तू म्हणालीस, "मोजायचं काय? उजवीकडं काढलं तसंच डावीकडं काढायचं. जलमभर रांगोळी काढतीया." त्यांना चित्र काढायला माणूस पाहिजे होतं. त्यांचे स्वतःचे डोळे भिंगाच्या नळीत बघून बघून अधू झालेले आणि हात कापायचा.

तशी तू त्यांच्या दगड तपासायच्या शेडवर जायला लागलीस. मीही यायचो, दगड कुटायला. त्यांचा दगड त्रिचनापल्लीकडनं पोत्यातनं यायचा. करडा, मऊ. नखानं निघायचा. मी पहिल्याच दिवशी सांगितलं, "डाक्टर, ह्याला दगड म्हणू नका, हा वाळलेला चिखल हाय. दगड आमचा, काळा." ते म्हणाले, "बरोबर आहे आबा, चिखलच आहे. समुद्राच्या तळाचा. तुमचा काळा दगड आगीतनं आला, त्यात कोण वाचणार? यात मात्र जीव राहिलेत." मला राग आला होता. आपल्या दगडाला कुणी रिकामा म्हणलेलं मला अजून आवडत नाही.

मी तुरीच्या डाळीएवढा चुरा करून द्यायचो. ते त्याच्यावर आधी एक तेजाबाचं पाणी ओतायचे, ते सोड्यासारखं फसफसायचं. मग दुसरं, ते तर काच खाणारं. त्या वेळी आपल्या दोघांना बाहेर चिंचेखाली घालवायचे, सगळी दारं उघडी टाकायचे आणि एकटेच आत तोंडाला फडकं बांधून. सगळा दगड विरघळून जायचा आणि तळाला काजळीएवढा गाळ उरायचा. तो धुवायचा, धुवायचा, धुवायचा. मग त्यातला थेंब काचेवर, वरनं पातळ काच, आणि नळीखाली.

त्या नळीत तू पहिल्यांदा बघितलंस तेव्हा काही बोललीच नाहीस. मी म्हणलं, "काय दिसतंय?" तर म्हणालीस, "गप बसा वो." मी घाबरलो. भागू गप म्हणजे काहीतरी मोठं असणार. मग मला बघायला दिलंस. पिवळट उजेडात कायकाय तरंगत होतं, काटेवाले गोळे, पापड, सुरकुतलेल्या पिशव्या. आणि मधे ही. शिंगवाली, पट्टेवाली.

डॉक्टर म्हणाले, "समुद्रात एक जीव असतो. डोळ्याला दिसत नाही. भिंगरीसारखा गरगरत पोहतो. दिवस वाईट आले की स्वतःभोवती कवच करतो, तळाशी जाऊन निजतो. दिवस चांगले आले की कवचाचं दार उघडून निघून जातो. कवच चिखलात राहतं. मोठमोठ्या लोकांचं अजून एकमत नाही, कुणी काही म्हणतं, कुणी काही. पण मला हे असं वाटतं." आणि खरंच, खांद्यापाशी कोनाकोनाचं एक भोक होतं, कुणीतरी कापून झाकण काढावं तसं.

मी म्हणलं, अंडं असंल. तू म्हणालीस, बी असंल. डॉक्टर म्हणाले, दोन्ही नाही. आपण दोघं घरी येईस्तोवर भांडलो, अंडं का बी. दोन्ही नाही हे ज्याला ठाऊक तो सायकलवर पुढं निघून गेलेला.

काम असं होतं. नळीला डॉक्टरांनी आरशाची एक करामत बसवली होती. तिच्यातनं बघितलं की कागद आणि तो जीव दोन्ही एकावर एक दिसायचे. तू त्याच्या कडेनं पेन्सिल फिरवायचीस. मग कागद घरी आणायचीस आणि उंबऱ्यात बसून, उजेडाला, बारीक टाकानं शाई भरायचीस. पेन्सिल खोडून टाकायचीस. चुलीवर काय जळतंय त्याचं भान नसायचं तुला. करपलेलं पिठलं मी त्या काळात जेवढं खाल्लं तेवढं कुणी खाल्लं नसेल. तुला वाटायचं मला कळत नाही. कळत होतं. आवडत होतं म्हणत नाही. पण खात होतो.

हिचं चित्र तू काढलंस ते असं देखणं उतरलं की मी टाकी खाली ठेवून बघितलं. दोन्ही पाय सारखे, दोन्ही खांदे सारखे. मधे दोरी धरली असती तर केसभर इकडंतिकडं नाही. पाथरवटाला यापेक्षा काय पाहिजे?

डॉक्टरांना वाटत होतं, ही जात नवी आहे, आजवर कुणी लिहिली नाही. खात्री करायला त्यांनी तुझं चित्र परदेशात एका जाणकाराकडं धाडलं. पावसाळा गेला, उत्तर आलं. डॉक्टर शेडच्या पायरीवर बसून होते. म्हणाले, "ते म्हणतात, नवी नाही. दोन सारख्या पायांची ही त्यांच्याकडं पूर्वीच सापडलीय. नाव, गाव, सगळं झालेलं आहे." तू त्यांना गुळाचा खडा दिलास. तसल्या वेळेला दुसरं काय द्यायचं?

मग त्यांनी काच परत नळीखाली ठेवली. बघितलं. परत बघितलं. डोळा पुसून परत. आणि हळूच म्हणाले, "भागूबाई, जरा इकडं या. उजवा पाय बघा."

तू बघितलंस. मी तुझ्या पाठीमागं होतो. तुझा खांदा एकदम ताठ झाला.

"आखूड हाय," तू म्हणालीस.

"आहे ना?"

"व्हय. बोटाच्या पेरासारखा हाय नुसता. पेन्सिलीनं काढला असंल मी तसाच. शाई भरताना हातानं..." आणि हात पुढं धरून बघत राहिलीस, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. "हातानं जोडी लावली वो डाक्टर. डावीकडं हाय तर उजवीकडं पाहिजेच, म्हणून लावली."

डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, "मीही नळीऐवजी तुमच्याच चित्राकडं बघून वर्णन लिहिलं. आता दोघं मिळून बघू."

रागावलो मी. मी म्हणलं, "अगं, तो पाय मोडलाय. आख्खा दगड मी कुटलाय, त्यात एक पाय ऱ्हाईल व्हय धड? मोडकं ते मोडकं. खंडित मूर्ती देवळात ठेवत न्हाईत आन् तू पुस्तकात ठेवायला निघालीस."

"ही मूर्ती न्हाई," तू म्हणालीस.

"आमच्या कामात एक बाजू ऱ्हायली तर गिऱ्हाईक माल परत करतं."

"ह्यो माल न्हाई."

डॉक्टर मधे पडले. म्हणाले, आबांची शंका रास्त आहे. एकच बघून ठरत नाही. एक लंगडी म्हणजे अपघात. सगळ्याच लंगड्या निघाल्या, तोच पाय आखूड निघाला, तर ती जात. आणि मोडलेलं ओळखायचीही खूण आहे. मोडलेल्याचा काठ फाटका असतो. मुळातच तसं वाढलेल्याचं टोक गोल असतं, गुळगुळीत.

म्हणजे आता सगळ्या काचा परत बघायच्या. आणि तुझ्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. उजवा जवळजवळ गेला होता, डाव्यात धूर. पोरगा पिंपरीला औषधाच्या कंपनीत लागला होता, तो तिथल्या साहेबांकडनं विचारून आला होता की पुण्याला ऑपरेशन होतं. दिवस ठरवायचा बाकी होता. मी म्हणलं, आधी डोळा, मग लंगडी. तू म्हणालीस, आधी लंगडी. मी म्हणलं, डोळा गेला तर? तू म्हणालीस, "ऑपरेशनात गेला तर? मग कोण काढणार? माझ्या हातनं चुकलंय, माझ्याच हातनं सुधारलं पाहिजे. ह्या डोळ्याला अजून दिसतंय तवर बसू द्या मला."

दोन दिवस बोललो नाही तुझ्याशी. तिसऱ्या दिवशी शेडवर तुझ्यासाठी बसायला दगड घडवून नेला, नळीच्या उंचीचा, मान वाकू नये असा. तू त्यावर हात फिरवलास. बसलीस.

सबंध हिवाळा गेला. तू डाव्या डोळ्यानं बघायचीस आणि बोलायचीस, डॉक्टर लिहून घ्यायचे. "ही आखूड. टोक गोल." "ही आखूड. टोक गोल." "हिचं फाटकंय, सोडा, ही मोडकी." मी बाहेर कुटत असायचो. मोडकी म्हणलीस की मी आतल्या बाजूला तोंड करून ओरडायचो, "बघा!" आणि तू आतनं, "एकच हाय, लई उड्या मारू नका!" डॉक्टर सांगतात, त्या आवाजानं गाळ हलायचा.

शेवटी मोडक्या थोड्या निघाल्या, आणि त्यांतल्याही काहींचा डावाच मोडलेला. बाकी साऱ्यांचा उजवा आखूड. तोच, तेवढाच. मी म्हणलं, तरी मला पटत न्हाई. तू म्हणालीस, "तुमाला कवा काय पटलंय?"

त्यातली एक निवडायची होती, सगळ्यांत धड. डॉक्टरांनी समजावलं, नाव बसतं ते या एकीवर. उद्या जगात कुणाला शंका आली की याच काचेशी ताडून बघायचं. हे मला लगेच कळलं. चाकणच्या बाजारात धान्य मापायची छाप मारलेली पायली असते, वाद झाला की तीच आणायची. तशी ही. तिची काच डॉक्टरांनी वेगळ्या डबीत ठेवली आणि तू तिचं चित्र काढायला बसलीस. या वेळी शाई घरी आणलीच नाहीस. नळीपाशीच बसून भरलीस, रेघ ओढायची, नळीत बघायचं, रेघ ओढायची, नळीत बघायचं. उजव्या पायाशी आलीस तेव्हा डाव्या हातानं उजव्या हाताचं मनगट धरलंस. मी दारातनं बघत होतो. हात पुढं जायला बघत होता, तू धरून ठेवला होतास. टोक गोल केलंस आणि टाक उचललास.

मग नावाचं निघालं. डॉक्टर म्हणाले, नावं जोडीनं असतात. आधी कुळाचं, ते ठरलेलं आहे, आडनावासारखं. पुढं तिचं स्वतःचं, ते आपण द्यायचं. त्यांच्या मनात तुझं नाव होतं. तू कानाला हात लावलास. "माझं नगं बाई. माझं नाव लावलं तर कुणाला काय कळणार ती कशी हाय? दिसती तसं म्हणा. लंगडी म्हणा."

आणि असं म्हणून माझ्याकडं बघितलंस.

डॉक्टरांनी पण बघितलं. मग खाली मान घालून हसू दाबायला लागले. वाचणाऱ्याला सांगायला पाहिजे, माझा उजवा पाय जन्मापासनं आखूड आहे. पंचक्रोशीत मला लंगडा पाथरवट म्हणतात. नवी माणसं विचारतात, दगड पडला का पायावर? एवढे दगड अंगाखांद्यावर घेतलेला माणूस, दगडच पडला असणार. मी कधी व्हय म्हणत नाही, न्हाई म्हणत नाही. तू मात्र प्रत्येकाला सांगायचीस, "पडला न्हाई काय. हायच तसा." मला वाटायचं, कशाला सांगते ही?

मी म्हणलं, "म्हंजी माझी चेष्टा आता साता समुद्रापल्याड?"

"चेष्टा कसली?" तू म्हणालीस. "लाखो वर्सं टिकलीया ती. तुमी टिका आधी तेवढं."

डॉक्टरांनी जाडं पुस्तक काढून लंगडीला लॅटिनात काय म्हणतात ते शोधलं आणि तेच लावलं.

ऑपरेशनाचा दिवस ठरला होता. त्याआधी भादव्यात तुला ताप भरला आणि उतरलाच नाही. डोळ्याचं राहिलं. लोक म्हणतात, आधी डोळा करायला पाहिजे होता. मी म्हणतो, जे काढायचं होतं ते काढून झालं होतं, आता डोळा काय खुंटीला टांगायचा? या एका गोष्टीत मी तुझ्या बाजूनं भांडतोय, बघ. तू इथं असतीस तर उलट बाजूनं भांडलो असतो.

आळंदीला सगळं उरकून आलो तेव्हा डॉक्टर आले होते. हळू आवाजात सांगायला लागले, आबा, आपण त्या कवचाचं बोलायचो ना, दार उघडून निघून जातात ते... मी म्हणलं, "डाक्टर, ते कवच-बिवच मला सांगू नका. माणूस गेलंय माझं."  मग दोघं ओट्यावर बसलो आणि त्यांनी सूनबाईच्या हातचं पिठलं खाल्लं. करपलं नव्हतं. दोघांनाही जरा चुकल्यासारखं वाटलं.

काल त्यांनी मला ते पान मराठीत करून सांगितलं. उंची, रुंदी, पट्टा, दार कुठं, झाकण कसं. मी हुं हुं करत होतो. मग एक ओळ आली ती मी परत वाचायला लावली. आपण पाय म्हणतो त्याला पुस्तकात शिंगच म्हणतात. "उजवे शिंग नेहमी आखूड, टोक गोल व गुळगुळीत. ही मोड नव्हे, जातीचे लक्षण आहे." मी तिसऱ्यांदा वाचा म्हणलं. डॉक्टरांनी चष्मा काढून माझ्याकडं बघितलं, परत लावला, वाचलं.

एक विचारायचं राहून गेलं, भागू. त्या दिवशी नाव सांगताना माझ्याकडं बघितलंस ते डिवचायला, का दुसऱ्या कशाला? मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तू म्हणाली असतीस, "जावा तिकडं." म्हणजे उत्तर मिळालंच असतं असं नाही. चालतंय.

आज सकाळी सूनबाई म्हणाली, "मामंजी, पाटा गुळगुळीत झालाय. चटणी वाटंना. टाकी द्या त्याला." तुझाच पाटा तो. उचलून अंगणात आणला, मांडी घातली आणि टाकी द्यायला बसलो. सबंध पाटा खडबडीत करून झाला. वरच्या अंगाला जिथं आपण मासा नाहीतर कमळ काढतो ती जागा मोकळी होती. गेरूनं काढून द्यायला कुणी नव्हतं. ते पान शेजारी ठेवलं, वर बारका दगड ठेवला वाऱ्यानं उडू नये म्हणून, आणि डोळ्यांनी बघून कोरली. शिंग, पट्टा, खांद्यावरचं दार, डावा पाय. उजव्या पायाशी हात आपोआप पुढं निघाला. मी मनगट धरलं.

तेवढ्यात चाकणचं गिऱ्हाईक आलं, जात्याच्या खुंट्यासाठी. माझ्या डोक्यावरनं वाकून बघायला लागलं. म्हणालं, "आबा, नक्षी झ्याक हाय. पर एक बाजू मोडली का वो?"

मी फुंकर मारून भुकटी उडवली. त्याचं बोट धरून त्या आखूड पायावर ठेवलं.

"मोडली न्हाई," मी म्हणलं. "टोक बघ. गोल हाय. हायच तशी."